पट्टा अंगावर आहे, पण हुक कशात आहे?

संपादक महोदय,

एप्रिल संपत आला की मुंबईच्या गच्च्यांवर आणि छपरांवर माणसे दिसू लागतात. कुठे पावसाळी शेडचे पत्रे चढतात, कुठे वॉटरप्रूफिंगवाले जुना कोबा फोडत असतात. गिरगाव-लालबागच्या चाळींवर मंगलोरी कौले चाळली जातात, साकीनाका-कुर्ल्याच्या गाळ्यांवर तडकलेले सिमेंटचे पत्रे बदलले जातात. आता सौर पॅनेल बसवणाऱ्यांचीही भर पडली आहे. यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर हल्ली केशरी नाहीतर हिरव्या पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे पडताना अडवणारा अंगभर पट्टा, असतो. सोसायटीचे सेक्रेटरी फोटो काढून ग्रुपवर टाकतात, सगळे अंगठे वर करतात. तोच फोटो जरा मोठा करून पाहावा. पुष्कळदा दोन्ही हुक त्या माणसाच्याच कमरेच्या रिंगांत अडकवलेले असतात, नाहीतर मागे शेपटीसारखे लोंबत असतात. असा पट्टा घातलेला माणूस आणि पट्टा न घातलेला माणूस सारख्याच वेगाने खाली येतात.

म्हणून हे पत्र. गृहनिर्माण संस्थांची कमिटी, ठेकेदार आणि मुकादम यांनी हार्नेस घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात. हुक कशात लावणार? आणि माणूस पडलाच, तर थांबायला खाली किती जागा आहे?

पण सपाट गच्चीवर पडण्याची वेळच येऊ नये अशी सोय करता येते, आणि ती सर्वांत सोपी आहे. गच्चीच्या आतल्या बाजूला भक्कम जागी दोर बांधायचा आणि त्याची लांबी अशी ठेवायची की माणूस कडेपर्यंत पोहोचूच नये. खुंट्याच्या गाईला जेवढे दावे, तेवढेच तिचे चरणे. बांधणीच्या जागेपासून सगळ्यात जवळची कड ६ मीटरवर असेल, तर दोर, लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेली हुकाची आखूड दोरी) आणि हुक मिळून ५ मीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. मोजताना चूक होते ती हीच. लोक समोरची कड मोजतात आणि बाजूची किंवा मधल्या डक्टची, म्हणजे इमारतीतल्या उघड्या पोकळीची, विसरतात. डक्टवर ताडपत्री टाकलेली असेल तर ती कड दिसतही नाही. कोपऱ्यातले काम एवढ्या दोरात होत नसेल, तर तिथे जाताना दोर वाढवू नये, बांधणीची जागा बदलावी. ज्या गच्चीला चारही बाजूंनी कमरेच्या वर येणारा पक्का कठडा आहे आणि काम कठड्याच्या आत आहे, तिथे हार्नेसची गरजच नाही. तिथे डक्ट झाका, तेवढे पुरे.

कडेवरच काम असेल, म्हणजे पागोळीचा पत्रा, छज्जा, पन्हळ, तर मात्र पडल्यावर अडवणारी व्यवस्था लागते. इथे गणित आले, आणि ते बाजारात कोणी सांगत नाही. लॅनयार्ड २ मीटरचा. त्याच्या टोकाला धक्का शोषणारी पिशवी असते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर. झटका बसला की तिच्यातली घडी घातलेली पट्टी टाके उसवत लांबते, युरोपीय मानकानुसार जास्तीत जास्त पावणेदोन मीटर. पाठीवरच्या डी-रिंगपासून, म्हणजे डी आकाराच्या कडीपासून, पायापर्यंत माणूस साधारण दीड मीटर. वर एक मीटर शिल्लक ठेवायचा. २ अधिक १.७५ अधिक १.५ अधिक १, बेरीज सव्वासहा मीटर. म्हणजे हुक जिथे लावला त्या जागेच्या खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. आता गाळ्याच्या छपराची वळचण जमिनीपासून पाच मीटरवर आहे आणि हुक पायाजवळ अँगलला लावला आहे, असे समजा. पिशवी पूर्ण उघडण्याआधीच माणूस फरशीवर आदळेल. हार्नेस उत्तम, हुक पक्का, आणि तरी पाय मोडलेले. तोच हुक पाठीच्या रिंगइतक्या उंचीवर लावता आला तर पायांखाली पावणेपाच मीटर पुरतात. डोक्याच्या वर लावला तर आणखी कमी. म्हणून हुक नेहमी जमेल तितका वर. पायाजवळ लावण्यासाठी बनवलेले लॅनयार्ड वेगळे असतात आणि त्यांच्या लेबलवर तसे लिहिलेले असते. आपल्या पिशवीला नेमकी किती जागा लागते, तेही लेबलवरच असते. आमचे आकडे अंदाज यावा म्हणून आहेत.

दहीहंडी पाहताना हे सगळे डोळ्यांसमोर दिसते. जिथे सुरक्षा मनावर घेतलेली असते तिथे वरच्या थरावरच्या गोविंदाचा दोर आभाळाकडून येतो आणि खालचे लोक तो सतत ताणून धरतात. थर कोसळला तरी पोर फूटभरही पडत नाही, लोंबकळते. छपरावरच्या कामगाराला मात्र पायाजवळचा पाइप मिळतो.

पिशवीशिवायच्या लॅनयार्डबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण साइटवर सर्रास दिसतो तो तोच. दोन पदरी पिळाची दोरी, टोकाला दोन मोठ्या तोंडाचे हुक, किंमत कमी. ८० किलोचा माणूस २ मीटर पडला तर साडेसहा दशांश सेकंदात तो ताशी बावीस किलोमीटरच्या वेगाला पोहोचतो. न ताणल्या जाणाऱ्या दोरीने त्याला १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर शरीरावर आणि बांधणीवर सरासरी ओढ त्याच्या वजनाच्या २१ पट येते. जवळजवळ १,७०० किलो. तेच थांबणे एक मीटरवर पसरले, तर ओढ तिपटीवर, २४० किलोवर येते. पिशवीचे काम एवढेच. ती ओढ ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६०० किलोच्या वर जाऊ देत नाही. दोरी आखूड करायला तिला गाठ मारतात, तेही बंद व्हायला हवे. गाठीच्या जागी दोरीची ताकद निम्म्यावर येऊ शकते. दोन लॅनयार्ड एकापुढे एक जोडणे म्हणजे पडण्याचे अंतर दुप्पट करणे.

आता हुक कशात लावायचा. अमेरिकेच्या नियमात माणशी ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो ओढ सोसणारी जागा मागितली आहे. युरोपच्या मानकात आकडा १२ किलोन्यूटन आहे. गच्चीवर उभे राहून एक सोपा प्रश्न विचारावा : इथे दोन छोट्या मोटारी टांगल्या तर राहतील का? या प्रश्नापुढे मुंबईच्या गच्चीवरच्या बहुतेक वस्तू बाद होतात. पाण्याची जीआय लाइन, प्लास्टिकची टाकी, डिश अँटेनाचा स्टँड, तडितरक्षकाची पट्टी, स्टीलचे रेलिंग, विटांच्या कठड्याचा माथा, सौर पॅनेलची फ्रेम आणि पावसाळी शेडचे हलके अँगल. शेडचा अँगल दिसायला लोखंडी असतो. पण त्याची पायपट्टी चार रॉलप्लगवर उभी असते, आणि वाऱ्याने पत्रा उडू नये एवढाच विचार करून ती बसवलेली असते.

टिकते काय? लिफ्टच्या मशीनरूमचे आरसीसी कॉलम, आरसीसी टाकीचे पाय, मोठ्या तुळया. त्यांना बोल्ट मारायचीही गरज नसते. रुंद पट्ट्याचा अँकर स्लिंग कॉलमभोवती गुंडाळायचा, कोपऱ्यांखाली जुन्या होज पाइपचे किंवा जाड रबराचे तुकडे सरकवायचे आणि हुक स्लिंगच्या फाशांत. मात्र आधी कॉलम पाहावा. समुद्राच्या हवेने सळई गंजते, फुगते आणि बाहेरचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. ठोकल्यावर भदभद आवाज आला किंवा सळई उघडी दिसली तर तो कॉलम सोडावा. कायमचे अँकर, म्हणजे हुक लावायचे बोल्ट, बसवायचे ठरले, तर काँक्रीट कसे आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहून घ्यावे, बोल्ट स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. केमिकल अँकर, म्हणजे रेझिनने चिकटवायचा बोल्ट, लावताना भोकातली भुकटी फुंकून आणि ब्रशने पूर्ण काढावी. भुकटी राहिली की रेझिन भुकटीला चिकटते, काँक्रीटला नाही, आणि बोल्ट बाहेरून घट्ट वाटतो. बसवल्यावर ओढून तपासण्याच्या यंत्राने चाचणी आणि तारखेची पट्टी. छज्ज्यात अँकर मारूच नये.

कौलारू चाळीत आढ्याला किंवा तुळईला दोर बांधण्याचा मोह होतो. लाकूड वरून काळे, धडधाकट दिसते आणि भिंतीत शिरते त्या टोकाला वाळवीने पोखरलेले असते. स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिल्याशिवाय त्यावर माणूस सोपवू नये. शक्य असेल तर दोर आढ्यावरून पलीकडच्या पाखीवर टाकावा आणि पलीकडे, जमिनीजवळ, भक्कम ठिकाणी बांधावा. उभ्या असलेल्या टेम्पोला कधीही नाही. ड्रायव्हरला वर काय बांधले आहे ते माहीत नसते.

दोन टोकांमध्ये आडवी लाइफलाइन, म्हणजे हुक लावून चालायचा दोर, ओढतात तेव्हा ती वीणेच्या तारेसारखी ताठ करण्याकडे कल असतो. झोळ पडलेली दोरी ढिसाळ वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. १० मीटरच्या लाइनवर मधोमध माणूस अडकला आणि लाइन ४४ सेंटिमीटरच खाली आली, तर प्रत्येक टोकावर त्या ओढीच्या पावणेसहापट ताण येतो. ६०० किलोच्या झटक्याचे टोकाला जवळजवळ साडेतीन टन. झोळ सव्वा मीटरच्या आसपास असेल तर तोच ताण दुपटीवर येतो, पण मग माणूस तेवढा आणखी खाली जातो आणि ते अंतर वरच्या बेरजेत मिळवावे लागते. म्हणून आडवी लाइन हे मुकादमाच्या अंदाजाचे काम नाही. हिशेब करून, धक्का शोषक लावून बनवलेला तयार संच घ्यावा आणि त्यावर एका वेळी किती माणसे चालतील ते पाहून तेवढीच सोडावीत.

साइटवर कमरेचा पट्टा आणि पूर्ण अंगाचा हार्नेस, दोघांनाही 'बेल्ट'च म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो. कमरेचा पट्टा पडणाऱ्याला अडवण्यासाठी अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. झटक्याने माणूस कमरेत दुमडतो, आतडी आणि मणका मार खातात, किंवा तो डोके खाली होऊन पट्ट्यातून निसटतो. तो दुकानात अजून मिळतो. घेऊ नये. हार्नेस घेताना आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का, बनवल्याची तारीख, क्रमांक आणि वजनाची मर्यादा असलेले लेबल शाबूत आहे ना, ते पाहावे. पुष्कळ हार्नेसची मर्यादा १०० किलो असते, आणि त्यात ड्रिल मशीन, स्क्रूची पिशवी, पाण्याची बाटली सगळे धरायचे असते.

घालायची रीत अशी. पाठीच्या डी-रिंगला धरून हार्नेस झटकावा, म्हणजे पट्टे आपोआप सुटे होऊन लोंबतात. जाकिटासारखा खांद्यावर घ्यावा. मांडीचे पट्टे पायांमधून आणताना पिळ पडू देऊ नये आणि उजवा डावीकडे लावू नये. छातीचा पट्टा छातीच्या मधोमध. तो गळ्याशी असेल तर झटक्याला गळा आवळतो, पोटाशी असेल तर खांदे बाहेर येतात. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. उन्हात काचते म्हणून हेच पट्टे सैल सोडतात. सैल पट्टा झटक्याने वर सरकतो आणि पुरुषांना कुठे लागतो हे सांगायला नको. पट्ट्याची उरलेली शेपटी कडीत खोचावी. शेवटी सोबत्याने पाठीमागे जाऊन डी-रिंग खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये आहे ना, ते हात लावून पाहावे. स्वतःला ते दिसत नाही.

दोन हुकांच्या लॅनयार्डचा नियम एका वाक्यात सांगता येतो : दुसरा लागल्याशिवाय पहिला सुटत नाही. शिडीवरून छपरावर पाय टाकण्याआधी हुक लागलेला असावा, टाकल्यावर नव्हे. पण यात एक बारीक गोम आहे. एक हुक वर लावला की रिकामा हुक कामगार सवयीने कमरेच्या लोखंडी रिंगला अडकवतो. पडला की ओढ त्या रिकाम्या पदरातून थेट कमरेवर येऊ शकते. पिशवी बाजूला राहते, उघडतच नाही. रिकामा हुक ठेवायला हार्नेसच्या छातीवर प्लास्टिकची किंवा कापडाची हलकी कडी असते. ओढ आली की ती तुटते, ती तुटण्यासाठीच असते. ही कडी पाहून 'हे तर लगेच तुटेल' म्हणून ती टाळणारे मुकादम कमी नाहीत.

आता सिमेंटचे पत्रे. ते चालण्यासाठी नसतात, आणि जुने तर मुळीच नाहीत. पत्रे अँगलला धरणाऱ्या जे-हुकांच्या रांगेवरून चालले की खाली अँगल असतो हे खरे, पण पाय वितभर सरकला की माणूस आरपार. उजेडासाठी मध्ये मध्ये बसवलेले फायबरचे पत्रे धुळीने आणि शेवाळाने बाकीच्यांसारखेच राखाडी होतात, कधी कधी वरून रंगही मारलेला असतो. कामाआधी गाळ्यात आतून पाहावे, उजेड कुठून येतो ते टिपावे आणि वर खडूने खुणा कराव्यात. चालायला निदान तीन अँगलवर टेकतील अशा फळ्या किंवा छपराची शिडी, आणि शक्य तिथे खाली जाळी. पत्रा बदलणे खालून परांची लावून जमत असेल तर वर चढूच नये.

पत्र्याच्या कडेची धारही लक्षात ठेवावी. कामगार बांधणीपासून कडेकडेने आठ-दहा मीटर दूर गेला आणि पडला, तर तो सरळ खाली जात नाही, लंबकासारखा झोका घेतो. दोर पत्र्याच्या कडेवर घासत सरकतो, करवतीवर घासावा तसा. आणि झोक्याच्या शेवटी शेजारच्या इमारतीची भिंत, नाहीतर एसीचा आउटडोअर असतो. हुकापासून उभी रेघ धरली तर तिच्याशी ३० अंशांच्या आतच काम करावे. त्यापुढे जायचे तर हुक हलवावा. कडेवर दोर येणारच असेल तर धारेवर वापरण्यासाठी तपासलेला दोर घ्यावा. डोक्यावर लावण्यासाठी बनवलेली साधी, डबीत आपोआप मागे गुंडाळली जाणारी लाइन कडेवर आडवी वापरू नये.

तपासणी रोज, चढण्याआधी, दोन मिनिटांची. पट्टा दोन्ही हातांनी उलट्या यूसारखा वाकवत पुढे सरकावा. तुटलेले धागे वाकवल्यावरच उभे राहतात. शिलाईचा रंग मुद्दाम पट्ट्याहून वेगळा असतो, म्हणजे उसवलेला टाका नजरेत भरावा. पट्टा पॉलिएस्टरचा असतो आणि त्याचा वैरी अल्कली, म्हणजे ओले सिमेंट. वाळलेली सिमेंटची कणी आत शिरून धागे कापते ते वेगळेच. नायलॉनचा दोर असेल तर त्याला अ‍ॅसिड चालत नाही. टाइल्स धुवायचे अ‍ॅसिड आणि दोर एकाच बादलीतून वर चढवू नयेत. वॉटरप्रूफिंगच्या मेम्ब्रेनवर गॅसची मशाल फिरते तिथे तर जास्तच जपावे. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या थोडे वर वितळते आणि मशालीची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे. कडक, चकचकीत, वितळून आटलेला ठिपका दिसला की पट्टा बाद. हुकाची जीभ खाऱ्या हवेने अडकते. ती बोटाने दाबून सोडल्यावर स्वतःहून बंद व्हायला हवी. धुवायचा तर कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, आणि सावलीत वाळवायचा. गच्चीवर उन्हात टाकून ठेवलेला हार्नेस न वापरताही म्हातारा होतो.

हार्नेसने अडवल्यानंतर पुढे काय, हे तर क्वचितच कोणी ठरवलेले असते. लोंबकळणाऱ्या माणसाचे पाय हलत नाहीत, मांडीचे पट्टे दाबतात, रक्त पायांत साठते. काही मिनिटांत चक्कर, घाम आणि मग बेशुद्धी येऊ शकते. १०१ ला फोन करावाच, पण मुंबईच्या गल्लीतून बंब येईपर्यंत काय करणार हे आधी ठरलेले हवे. जवळची खिडकी किंवा बाल्कनी कोणती, दुसरा दोर आणि पुली कुठे आहे, वर खेचणार की खाली सोडणार, आणि ते कोण करणार. हार्नेसला लावायची पाय ठेवण्याची छोटी पट्टी मिळते. ती उलगडून तिच्यावर उभे राहिले की मांड्यांवरचा दाब सुटतो. ती नसेल तर पाय हलवत राहायचे, गुडघे वर घ्यायचे, हे कामगाराला आधी सांगून ठेवावे. खाली आणल्यावर आडवे झोपवून श्वास पाहावा आणि १०८ ची गाडी बोलवावी. माणूस बरा दिसत असला तरी दवाखान्यात न्यावे. एकट्याला छपरावर पाठवू नये, याचे कारणही हेच.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दहा कामगारांची रेघ आखली. सोसायटीच्या गच्चीवर मात्र बहुधा चार माणसे येतात. तेव्हा कायदा कधी पोहोचेल याची वाट न पाहता कमिटीने वर्क ऑर्डरमध्येच चार ओळी टाकाव्यात : हुक कुठल्या कॉलमला लागणार ते नकाशावर दाखवणे, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे लॅनयार्ड, हार्नेसचे क्रमांक, आणि सुटकेसाठी दुसरा दोर व नेमलेला माणूस. याचे पैसे ठेकेदाराच्या दरात न मुरवता वेगळ्या ओळीत द्यावेत. दरात मुरवले की सर्वांत आधी तेच कापले जातात. आणि फोटो काढायचाच असेल तर अंगावरच्या पट्ट्याचा नको, हुक लागलेल्या जागेचा काढावा.

राहिली एक गोष्ट. एकदा माणूस अडवलेला हार्नेस आणि उघडलेली पिशवी पुन्हा वापरता येत नाही, बाहेरून कितीही नवी दिसली तरी. ती भंगारात तशीच दिली तर पुसून-धुऊन जुन्या बाजारात येते आणि कोणाच्या तरी अंगावर चढते. म्हणून आधी दोन्ही खांद्यांचे आणि मांड्यांचे पट्टे कात्रीने आडवे कापावेत, लेबल फाडावे, आणि मगच टाकावी.

आपले,
उंचीवरील कामांची देखरेख व प्रशिक्षण करणारे काही वाचक,
मुंबई